जमीन दिली, फोग्टाई ठेवली : मध्ययुगीन जर्मन सरदार आणि त्यांचे मठ

प्रश्न असा आहे : अकराव्या-बाराव्या शतकातली जर्मनभाषक सरदार घराणी आपली गावं, शेतं, जंगलं मठांना का देऊन टाकत होती? दिल्यावर तो मठ खरोखर त्यांच्या हातून सुटत असे का? आणि अशा मठाची जुनी कागदपत्रं हाती आली तर ती वाचायची कशी?

तिन्ही प्रश्नांची किल्ली एकाच शब्दात आहे : फोग्ट. सनदेत जमिनीची यादी कितीही लांबलचक असो, आधी फोग्ट कोण, त्याला कोण नेमणार, काढणार कोण आणि त्याला मिळणार काय, हे शोधा. घराण्याने मठ किती सोडला आणि किती हातात ठेवला, ते तिथे कळतं.

फोग्ट म्हणजे मठाच्या वतीने लौकिक कारभार पाहणारा शस्त्रधारी गृहस्थ. त्याची गरज दोन कारणांनी पडली. एक, धर्मगुरूने रक्त सांडायचं नाही, म्हणून मठाच्या जमिनीवर खून, चोरी, मारामारी झाली तर देहदंडाचा निवाडा मठाधिपती करू शकत नसे. दुसरं, मोठ्या मठांना राजाकडून अभय मिळालेलं असे. त्या जमिनीवर काउंटला, म्हणजे परगण्याचा कारभार पाहणाऱ्या सरदाराला, पाऊल टाकायला मनाई होती, मग काउंटने करायचं काम कुणीतरी करायला हवंच. सम्राट शार्लमेनने ८०२ च्या फर्मानात बिशपांनी आणि मठाधिपतींनी चांगले फोग्ट ठेवावेत असं बजावलं आहे, तेव्हा हे पद मुळात नेमणुकीचं होतं. पुढच्या दोनेक शतकांत ते वंशपरंपरेने चालू लागलं, वतनासारखं. फोग्टाई, म्हणजे फोग्टाचं पद आणि त्याचं उत्पन्न, मुलांत वाटली जाऊ लागली, गहाण पडू लागली, तिच्यासाठी लढाया होऊ लागल्या.

त्याआधीची व्यवस्था समजून घेतल्याशिवाय ही ओढाताण कळत नाही. जुन्या जर्मन समजुतीप्रमाणे ज्याच्या जमिनीवर देऊळ, त्याचं ते देऊळ. वेदी, तिच्याखालची जमीन, येणारं दान, दशमांश, सगळं जमीनमालकाच्या मिळकतीत मोजलं जाई आणि वारसांना जाई. लोर्शचं उदाहरण घ्या. काउंट कान्कोर आणि त्याची आई विलिस्विंडा यांनी ७६४ मध्ये हा मठ स्थापून आपला नातेवाईक, मेत्सचा बिशप क्रोडेगांग, याच्या हाती दिला. कान्कोर वारल्यावर त्याचा मुलगा हाइमेरिख याने बापाची मिळकत म्हणून मठावर दावा लावला. मठाधिपती गुंडेलांडने दानपत्र पुढे केलं आणि शार्लमेनच्या दरबारात निकाल मठाच्या बाजूने लागला. त्यानंतर लगेच, ७७२ मध्ये, गुंडेलांडने मठ राजाच्याच स्वाधीन केला. कागद जिंकून देतो, पण पुढच्या वारसापासून वाचवायला कागदापेक्षा मोठा धनी लागतो, हे त्याने ओळखलं होतं.

राजाचा मठ होण्याची किंमतही होती. राजा लवाजम्यासह मुक्कामाला आला की सरबराई करायची आणि मोहिमेला स्वार पुरवायचे. ९८१ च्या सुमारास सम्राट ओटो दुसरा इटलीत असताना तयार झालेली चिलखती स्वारांची यादी टिकून आहे. तीत माइन्त्सच्या आर्चबिशपाच्या नावे १००, फुल्डा आणि रायखेनाउ या मठांच्या नावे प्रत्येकी ६०, लोर्श आणि वाइसेनबुर्गच्या नावे प्रत्येकी ५० स्वार आहेत. मठ म्हणजे जगापासून दूर बसलेली शांत जागा, ही कल्पना बाजूला ठेवण्यासाठी एवढी एक यादी पुरेशी आहे.

आता मुख्य वळण. काळ्या अरण्याच्या उत्तर टोकाला, नागोल्ड नदीकाठी हिर्साउ हा मठ नवव्या शतकापासून होता, पण काल्वच्या काउंटांनी त्याची मालमत्ता गिळली होती आणि मठ ओस पडला होता. १०४९ मध्ये पोप लिओ नववा तिथून गेला. तो काउंट आडालबेर्टचा मामा. त्याने भाच्याला मठ पुन्हा उभा करायला लावलं. आडालबेर्टने घाई केली नाही. बांधकाम १०५९ ला सुरू झालं, आइनझीडेल्नहून मठवासी आले ते १०६५ ला. पहिला मठाधिपती फ्रीडरिख काउंटशी जमेना म्हणून १०६९ मध्ये काढला गेला आणि रेगेन्सबुर्गच्या सेंट एमेराम मठातून विल्हेल्म आला. विल्हेल्मने पहिल्या दिवसापासून आपली भूमिका दाखवली : आधीचा मठाधिपती अन्यायाने काढला आहे, तो जिवंत असेपर्यंत मी दीक्षा घेणार नाही. फ्रीडरिख १०७१ मध्ये वारला, त्यानंतरच त्याने दीक्षा घेतली.

आडालबेर्टने आधी अर्धवट मोकळीक देणारा कागद करून पाहिला. विल्हेल्मने तो पुरेसा मानला नाही. शेवटी ९ ऑक्टोबर १०७५ ची राजा हाइनरिख चौथ्याची सनद आली, जिला इतिहासकार हिर्साउचा नमुना म्हणतात. तिच्या खरेपणावर पिढ्यान्‌पिढ्या वाद झाला. आज बहुतेक अभ्यासक ती खरी धरतात, फक्त मजकूर राजाच्या दप्तरात न लिहिता मठातच लिहून सहीशिक्क्यासाठी नेला होता असं मानतात. ही पद्धत तेव्हा सर्रास होती, म्हणून अक्षर दप्तरातलं नाही एवढ्यावरून सनद खोटी ठरवू नका.

या सनदेतली कलमं नीट पाहण्यासारखी आहेत. काउंट मठावरचा मालकी हक्क स्वतःसाठी आणि वारसांसाठी सोडतो. मठाधिपतीची निवड मठवासीच करतात. निवडलेला माणूस अधिकाराचा दंड कोणा सरदाराच्या हातून घेत नाही, वेदीवरून घेतो. रोमला संत पीटरच्या वेदीवर दरवर्षी एक सोन्याचं नाणं पाठवायचं, ही पोपच्या छत्राची खूण. आणि मग फोग्ट : तो संस्थापकाच्या घराण्यातला लायक माणूस असावा, न्यायदानाचा अधिकार त्याने राजाकडून घ्यावा, तो वर्षातून तीनदा, मठाधिपतीने बोलावल्यावर, सांगेल त्या ठिकाणी न्यायसभा भरवेल. मोबदला दंडाच्या रकमेचा तिसरा हिस्सा आणि न्यायसभेच्या दिवशी धान्य, डुक्कर व वाइन यांचा ठरावीक शिधा. मठाला तो जाचक ठरला तर त्याला काढून दुसरा निवडण्याची मुभा मठाकडे.

शिध्याचं कलम क्षुल्लक वाटतं, पण सगळ्या भांडणांचं मूळ तिथेच आहे. फोग्ट एकटा येत नसे. वीस-तीस घोडी आणि माणसं घेऊन न बोलावता यायचा, कुळांकडून वैरण, रात्रीचा मुक्काम, बेगार वसूल करायचा. तीनदाचं पाचदा झालं की ती प्रथा, आणि प्रथा झाली की तो हक्क. म्हणून पुढच्या अनेक सनदांत आणखी एक मनाई दिसते : फोग्टाने आपल्या हाताखाली उपफोग्ट नेमू नये. कारण प्रत्येक उपफोग्टाचं पोट त्याच कुळांवर भरायचं असे.

हिर्साउच्या या मसुद्याचं लोण नैर्ऋत्य जर्मनीत पसरलं. आल्पिर्सबाख १०९५ मध्ये तिघांनी मिळून स्थापलं : रुओटमान फोन हाउझन, आडालबेर्ट फोन त्सोलर्न आणि झुल्त्सचा काउंट आल्विक. त्याच काळात त्सेरिंगन घराण्यातले दोन भाऊ पाहा. बेर्टोल्ट दुसरा हा ड्यूक, ज्याने १०९३ मध्ये काळ्या अरण्यात सेंट पीटर हा घराण्याचा मठ वसवला, आणि गेबहार्ट तिसरा हा आधी हिर्साउचा मठवासी, मग १०८४ पासून कॉन्स्टान्सचा बिशप. सेंट पीटरच्या स्थापनेच्या वेळी एक भाऊ देणारा आणि दुसरा आशीर्वाद देणारा होता. सरदार आणि धर्मगुरू असे दोन वेगळे वर्ग मनात धरून या काळाकडे पाहिलं की चूक होते. एकाच घरात थोरला गढी सांभाळतो, धाकटा बिशप होतो, बहीण मठप्रमुख होते, आणि तिघांचं राजकारण एक असतं.

मग देत का होते? आत्म्याच्या सद्गतीसाठी, हे सनदेत लिहिलेलं असतं आणि ते मनापासून लिहिलेलं असतं. त्याला निव्वळ बुरखा समजणाऱ्यांशी मी सहमत नाही. मेल्यानंतर आपल्यासाठी रोज प्रार्थना करणारी, न मरणारी मंडळी उभी करणं ही त्या माणसांना खरी निकड वाटत होती. सोबत लौकिक फायदेही होते. मठात घराण्याची थडगी एका जागी येतात. वाटण्यांमुळे तुकडे होणारी जमीन मठाच्या नावे अखंड राहते आणि फोग्टाईच्या रूपाने तिच्यावर हात राहतो. ओसाड अरण्य लागवडीखाली येतं. शायर्नच्या काउंटांनी तर मूळ गढीच बेनेडिक्टाइन मठासाठी दिली, १११९ मध्ये मठवासी तिथे आले, आणि घराणं विटेल्सबाखच्या गढीवर राहायला जाऊन त्याच नावाने ओळखलं जाऊ लागलं.

स्थापनेची प्रत्यक्ष रीत साधारण अशी. प्रथम वारसांची संमती. हे चुकलं की सगळं अडतं. काउंट गोटफ्रीड फोन काप्पेनबेर्ग आणि त्याचा भाऊ ओटो यांनी ११२२ मध्ये आपली गढी धर्मोपदेशक नोर्बेर्टच्या नव्या मठसंघाला, प्रेमोन्स्ट्राटेन्सियनांना, दिली, तेव्हा गोटफ्रीडचा सासरा, आर्न्सबेर्गचा काउंट फ्रीडरिख, हत्यार उपसून उठला, कारण मुलीच्या हक्काची मिळकत त्यात जात होती. संमतीनंतर जमीन एका स्वतंत्र, प्रतिष्ठित मध्यस्थाच्या हाती द्यायची. जर्मनीत त्याला झालमान म्हणतात. तो ठरल्या दिवशी, साक्षीदारांसमोर, संतांच्या अस्थी असलेल्या वेदीवर ती अर्पण करतो. मध्यस्थ मधे घेण्याचं कारण असं, की देणाऱ्याचं मन बदललं किंवा तो आधीच वारला तरी व्यवहार पुरा व्हावा. मग मूळ मठातून मठवासी येतात. सिस्टर्शियन या मठसंघात हा नियमच होता : एक मठाधिपती आणि किमान बारा मठवासी. बांधकाम पूर्वेकडून, म्हणजे वेदीच्या बाजूने सुरू होतं, कारण तेवढा भाग छपराखाली आला की प्रार्थना सुरू करता येते आणि संस्थापकाला पुरता येतं. बाकीची इमारत दोन-तीन पिढ्या चालते.

दिलेलं परत घेतलं जातं ते कसं, हे पाहायला मुरीसारखं ठिकाण नाही. आजच्या स्वित्झर्लंडच्या आरगाउ भागातला हा मठ हाब्सबुर्ग घराण्याचा, स्थापना १०२७. मठाचा स्वतःचा वृत्तांत, ११६० च्या सुमारास लिहिलेला, स्थापनेचं श्रेय त्या घराण्यातल्या राडबोटची पत्नी इडा हिला देतो. मुरीची जमीन तिला लग्नाची भेट म्हणून मिळाली, ती नवऱ्याच्या पूर्वजांनी अन्यायाने बळकावल्याचं तिला कळलं, आणि तिने ती देवाला द्यायचं ठरवलं, असं त्यात आहे. १०८२ मध्ये काउंट वेर्नरने हिर्साउच्या धर्तीवर मठ मोकळा केला आणि सेंट ब्लाझिएनच्या मठवाशांकडे सुधारणा सोपवली. चार वर्षांत ते बिनसलं आणि फोग्टाई पुन्हा घराण्याकडे आली.

याच काळात एक दस्तऐवज पुढे येतो : स्ट्रासबुर्गचा बिशप वेर्नर याचं १०२७ चं मृत्युपत्र. त्यात मठाचा संस्थापक इडा नाही, बिशप स्वतः आहे. हाब्सबुर्ग गढीही त्यानेच बांधली आणि फोग्टाई त्याच्या घराण्याची. अभ्यासकांच्या मते हा दस्तऐवज १०२७ चा नाही, अकराव्या शतकाच्या शेवटी, फोग्टाईचा वाद पेटलेला असताना बनवलेला आहे. आता दोन्ही कागद शेजारी ठेवा. एकात मठ म्हणजे अन्यायाचं प्रायश्चित्त, म्हणून घराण्याला हक्क नाही. दुसऱ्यात मठ म्हणजे घराण्यातल्या बिशपाची वास्तू, म्हणून फोग्टाई घराण्याची. स्थापनेची कथा दिसली की ती कधी लिहिली आणि त्या वर्षी फोग्टाईवर कोणता वाद चालू होता, हे आधी शोधायचं. बनावट कागदही फेकायचा नाही. १०२७ साठी तो निरुपयोगी आहे, पण ज्या वर्षांत तो लिहिला गेला त्या वर्षांसाठी उत्तम पुरावा आहे.

फोग्टाईसाठी माणसं किती टोकाला जात, ते एसेनच्या प्रकरणात दिसतं. एसेन हा सरदारकन्यांचा श्रीमंत मठ, आणि त्याची फोग्टाई फ्रीडरिख फोन इझेनबेर्गकडे होती. त्याच्या जाचाविरुद्ध मठाने कोलोनचा आर्चबिशप एंगेलबेर्ट याच्याकडे दाद मागितली. एंगेलबेर्ट फ्रीडरिखचाच चुलता लागत होता. झोस्टला बोलणी फिसकटली आणि ७ नोव्हेंबर १२२५ रोजी परतीच्या वाटेवर गेव्हेल्सबेर्गजवळच्या घाटीत एंगेलबेर्टवर हल्ला होऊन तो मारला गेला. बेत बहुधा त्याला पकडून अटी लादण्याचा होता, तसं करणं सरदारी भांडणाच्या रीतीत बसत होतं. खून बसत नव्हता. फ्रीडरिखला पुढच्या वर्षी नोव्हेंबरात कोलोनच्या वेशीबाहेर चाकावर घालून मारलं, इझेनबेर्गची गढी पाडली, आणि म्युन्स्टर व ओस्नाब्रुक इथे बिशपपदी असलेल्या त्याच्या दोन भावांना या प्रकरणाची झळ बसली. त्या काळात बरेच मठ फोग्टाई विकत घेऊन मोकळे होऊ पाहत होते. सिस्टर्शियन तर सुरुवातीपासून वंशपरंपरेचा फोग्ट नको म्हणत आणि थेट राजाचं संरक्षण मागत.

आता वाचनाकडे. राजाची सनद हाती आली तर आधी तिचे भाग ओळखा. पहिली ओळ ताणलेल्या उंच अक्षरांत, तीत देवाचं आवाहन आणि राजाचं नाव. मग दान का चांगलं याबद्दलचा ठरीव परिच्छेद. तो मसुद्यातून आलेला असतो, त्यावरून देणाऱ्याच्या मनाचे अंदाज बांधू नका. मग हकीकत, मग प्रत्यक्ष निर्णय, मग मोडणाऱ्याला दंड, खाली राजाच्या नावाची अक्षरं गुंफलेली मुद्रा. तिच्यातली एक रेघ राजा स्वतः ओढायचा, आणि बऱ्याच मूळ सनदांत ती रेघ वेगळ्या शाईत ओळखू येते. मेणाचा शिक्का जुन्या काळी चर्मपत्राला फुलीसारखी चीर पाडून, त्यातून मेण दाबून सनदेवरच बसवत. दोरीने लोंबणारा मेणाचा शिक्का बाराव्या शतकात रुळला. दहाव्या शतकातल्या म्हणवणाऱ्या राजसनदेला असा लोंबता शिक्का दिसला तर सावध व्हा.

तारखेत इसवी सन, राज्यवर्ष आणि पंधरा वर्षांच्या चक्रातला आकडा असे तिन्ही असतात. चक्राचा आकडा काढायला सनात ३ मिळवा, १५ ने भागा, बाकी राहील ती घ्या. बाकी शून्य आली तर १५. १०२७ साठी १० येतात, १०७५ साठी १३. मात्र हे चक्र अनेक दप्तरांत सप्टेंबरात बदलतं, त्यामुळे ऑक्टोबर १०७५ च्या कागदावर १४ असले तरी ती चूक नव्हे. एका आकड्याचा फरक लेखनिकाचा असू शकतो. तिन्ही आकडे एकमेकांशी जुळेनात तर मात्र तारीख मागाहून घातली आहे का ते तपासा.

खासगी दानांच्या नोंदी सनदेपेक्षा तोकड्या असतात : कोणी, काय, कोणासमोर. साक्षीदारांचा क्रम बघा. आधी धर्मगुरू, मग काउंट, मग स्वतंत्र सरदार, शेवटी मिनिस्टेरियाल, म्हणजे जन्माने परतंत्र पण हत्यार आणि हुद्दा असलेले सेवक. एकच माणूस वीस वर्षांत तिसऱ्या गटातून दुसऱ्यात सरकला, तर एक घराणं वर चढताना तुमच्या डोळ्यांसमोर आहे. साक्षीदारांचे 'कान ओढले' असं लिहिलेलं असेल तर व्यवहार बव्हेरियाच्या कायद्याने झाला आहे. तिथे साक्ष स्मरणात राहावी म्हणून खरोखर कान ओढत.

मूळ कागद बहुतेकदा नसतात, मठाने केलेल्या नकलांच्या वह्या असतात. लोर्शच्या बाराव्या शतकातल्या वहीत ३,८०० हून अधिक व्यवहार आहेत आणि शेकडो गावांचा पहिला उल्लेख तिथेच सापडतो. पण नकलणाऱ्याने मजकूर आखडला आहे आणि गावांची नावं काही ठिकाणी आपल्या काळच्या उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत. अशा वहीतल्या शब्दरूपावर भाषेचा इतिहास उभा करायचा नाही.

वंशावळ शोधणाऱ्यांची सर्वांत मोठी अडचण आडनावांची. अकराव्या शतकाच्या मध्यापर्यंत सरदारांना एकच नाव असतं, गढीवरून पडलेली नावं हळूहळू मागाहून येतात. त्यामुळे घराणं ओळखायचं ते पिढ्यान्‌पिढ्या फिरणाऱ्या नावांवरून : वेल्फ, बेर्टोल्ट, आडालबेर्ट. यासाठी मठांच्या स्मरणवह्या, म्हणजे प्रार्थनेत आठवायच्या माणसांच्या नावांच्या वह्या, अमोल आहेत. रायखेनाउची ८२४ च्या सुमारास सुरू झालेली वही सुमारे ३८,००० नावांची आहे. तिथे नावं सुटी न वाचता गटाने वाचायची, कारण एका हाताने, एका शाईत, एका दमात लिहिलेली नावं बहुधा एकत्र आलेल्या नातलगांची असतात. मृतांच्या वहीत मात्र नावापुढे महिना आणि दिवस असतो, साल नसतं. त्या दिवशी दरवर्षी प्रार्थना करायची होती, सालाचं काही काम नव्हतं. म्हणून काउंट आडालबेर्ट, अमुक तारीख, एवढ्यावर कोणता आडालबेर्ट हे ठरवू नका. आधी तो दुसऱ्या कोणत्या मठांच्या वहीत त्याच तारखेला येतो ते पाहा, मग त्या मठांपैकी कोणाची फोग्टाई कोणत्या घराण्याकडे होती ते लावून बघा. ज्या घराण्याची फोग्टाई त्या सगळ्या ठिकाणांशी जुळते, तिथून शोध सुरू करा.